सोलापूरच्या उन्हात फायटरसोबत दुसरे मासे कसे टिकवायचे

"फायटर एकटाच ठेवायचा, दुसरा मासा टाकला की मारून टाकतो" हे आपल्याकडं सगळ्यांना पाठ आहे. अर्धं बरोबर आहे. दोन नर एका टाकीत टाकले तर मारामारी होणारच, त्यात वादच नाही, पण जागा पुरेशी असली, जोडीदार नीट निवडले आणि टाकी आधी तयार केली तर फायटर बाकीच्यांसोबत आरामात राहतो. उलट सोलापुरात लोकांच्या टाक्या बघतो तेव्हा फायटरनं मारलेले मासे कमी दिसतात, एप्रिल-मेच्या उन्हानं, बोअरच्या पाण्यानं नाहीतर घाईघाईत भरलेल्या टाकीनं मेलेले जास्त, आणि नाव मात्र फायटरचं खराब होतं. त्यामुळं इथं कुठला मासा चालतो हे सांगतोच, पण पाणी आणि ऊन हा विषय आधी, कारण आपल्या गावात खरा व्हिलन तोच आहे.

फायटर म्हणजे बेट्टा, मूळचा थायलंडकडचा, भातखाचरं, दलदल, उथळ कोमट साचलेलं पाणी हे त्याचं घर. थायलंडनं २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर पण जाहीर केलाय. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूला लॅबिरिंथ नावाचा एक जास्तीचा अवयव असतो आणि त्याच्यामुळं तो वर येऊन सरळ हवेतला ऑक्सिजन घेऊ शकतो. म्हणून तर तो प्लॅस्टिकच्या ग्लासात सुद्धा तग धरतो, तग धरतो म्हणजे मजेत असतो असं नाही, पण मरत नाही लगेच. आता गोम बघा. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, २५ डिग्रीला लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या थोडा वर मावतो आणि ३५ डिग्रीला ७ च्या आसपास, आणि गरम पाण्यात माशांचा श्वास उलट वाढतो, म्हणजे पुरवठा कमी आणि मागणी जास्त. फायटर वर येऊन श्वास घेईल. टेट्रा, रासबोरासारखे छोटे मासे आणि श्रिंप म्हणजे छोटी कोळंबी, ही कुठं जाणार? म्हणून मे महिन्यात एका सकाळी सगळे मेलेले आणि फायटर एकटा जिवंत असं चित्र दिसतं आणि घरचे म्हणतात बघ, ह्यानंच मारले. नाही ओ, त्यानं कुणाला हात पण नाही लावला.

आधी तुमचा फायटर कसला आहे ते बघा

प्रत्येक फायटरचा स्वभाव वेगळा असतो, हे नुसतं बोलायचं म्हणून नाही. एक असतो की समोरून गोगलगाय गेली तरी कल्ले फुगवून अंगावर जातो आणि दुसरा असतो त्याच्या डोक्यावरून टेट्रा गेले तरी पानावर पडून राहतो. दुकानात घेतानाच बघून घ्या. शेजारच्या ग्लासातल्या माशाला बघून थोडा फुगून परत शांत होतो तो चालेल, सतत काचेवर डोकं आपटत राहतो तो एकटाच बरा.

शेपटीचा पण हिशोब आहे. हाफमून, क्राउनटेल, व्हेलटेल हे लांब शेपटीवाले दिसायला राजे पण पोहायला जड. ह्यांच्या बाबतीत भीती उलटी आहे, हे दुसऱ्याला मारतील ह्यापेक्षा दुसरे ह्यांची शेपटी कुरतडतील ही. प्लाकाट म्हणजे आखूड शेपटीवाला, चपळ असतो, पाठलाग करून पकडू शकतो, त्याच्यासोबत छोटे हळू मासे ठेवताना जास्त विचार करा. निसर्गात दोन फायटर भिडले तर हरलेला पळून जातो आणि विषय संपतो. टाकीत पळायला जागाच नसते, म्हणून मारामारी जिवावर जाते. बाकीचं सगळं ह्या एका गोष्टीवर उभं आहे, पळायला जागा आणि लपायला आडोसा.

टाकी

एकट्या फायटरला २० लिटर ठीक. जोडीदार टाकायचे असले तर दोन फुटी टाकी घ्या, २४ बाय १२ बाय १२ इंच, ती काठोकाठ साधारण ५६ लिटरची होते आणि वाळू, झाडं, वरची मोकळी जागा सोडून खरं पाणी ४०-४५ लिटर राहतं. ह्याच्यापेक्षा लहान टाकीत फार तर एखादी गोगलगाय. गोल बाऊलमध्ये तर काहीच नको, फायटर पण नको.

उंच टाकीपेक्षा लांब टाकी बरी. एक तर त्याला सारखं वर यावं लागतं आणि लांब शेपटीवाल्याला दीड फूट चढून येणं म्हणजे व्यायामच होतो, दुसरं म्हणजे लांब टाकीत पाण्याचा वरचा पृष्ठभाग जास्त, म्हणजे ऑक्सिजन जास्त मिसळतो.

जागा निवडताना पश्चिमेची भिंत आणि खिडकी टाळा. पत्र्याचं छत असेल तर टाकी जमिनीच्या जितकी जवळ तितकं बरं, वर उष्णता जास्त साचते. शहराच्या पूर्व भागात घरातच यंत्रमाग असतात किंवा शेजारी असतात, तर मागाच्या भिंतीला टाकी लावू नका, माशांना अंगावरच्या रेषेतून पाण्यातली थरथर कळते आणि दिवसभर खटखट असली की नवीन मासे बाहेरच येत नाहीत.

आत खाली बारीक वाळू घाला, टोकदार खडे नको, कोरी म्हणजे तळाला फिरणारा मासा, त्याच्या मिशा झिजतात त्याच्यावर. झाडं भरपूर. अनुबियास, जावा फर्न, हायड्रिला, वर तरंगायला थोडं साल्विनिया, आणि मनीप्लांटची मुळं पाण्यात सोडली तरी चालतं (पानं वर ठेवायची, फक्त मुळंच आत). मडक्याचे तुकडे, नारळाची करवंटी घासून धुवून टाका, झाली गुहा. प्लॅस्टिकची टोकदार झाडं शेपटी फाडतात, ती नकोच. फिल्टर स्पंजचा घ्या, हवेच्या मोटरवर चालणारा. जोरात धार मारणारा पॉवर फिल्टर लांब शेपटीवाल्याला दमवून टाकतो.

झाकण लागतंच, फायटर उडी मारतो. पण एकदम घट्ट काच लावून उन्हाळ्यात टाकी बंद केली तर आत भट्टी होते, म्हणून मच्छरदाणीच्या जाळीची फ्रेम करून घ्या, हवा खेळती राहते आणि पाणी पण थंड होतं. पाण्याची पातळी वरून दोन इंच कमी ठेवा.

टाकी मुरवायची कशी

ह्या भागात कोणालाच इंटरेस्ट नसतो आणि सगळे मासे इथंच मरतात. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, ते पण विषारी, आणि दुसरे बॅक्टेरिया नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते थोडं असलं तर मासे सहन करतात. हे बॅक्टेरिया स्पंजमध्ये, वाळूत, झाडांवर वाढतात आणि त्यांना वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. आपल्याकडं गरम असल्यामुळं कधी लवकर होतं, पण अंदाजावर सोडू नका, टेस्ट किट घ्या.

मासे न टाकता करायचं. टाकी भरा, क्लोरीन काढा, फिल्टर चालू करा, रोज चिमूटभर माशांचं खाणं टाका, ते कुजून अमोनिया होईल. आठवड्यातून दोनदा टेस्ट. अमोनिया आधी चढेल, मग उतरेल, मग नायट्राइट चढेल, मग तो पण शून्यावर येईल आणि नायट्रेट दिसायला लागेल. दोन्ही शून्य आले की अर्धं पाणी बदला आणि मग मासे. कोणा मित्राची जुनी निरोगी टाकी असेल तर त्याच्या फिल्टरच्या स्पंजचा एक तुकडा मागून आणा, ओलाच आणा, सुकवला तर उपयोग नाही, त्यानं काम निम्म्यावर येतं. आणि स्पंज कधी नळाखाली धुवायचा नाही, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा.

आपलं पाणी

सोलापूरला उजनीचं पाणी येतं आणि रोज येत नाही हे काय नवीन सांगायला नको. त्यामुळं माशांचं पाणी बदलायचं वेळापत्रक पाण्याच्या दिवसाला बांधून टाका. पाणी आलं की आधी एक वेगळा ड्रम माशांसाठी भरा, घरात सांगून ठेवा की ह्याच्यात साबणाचा हात घालायचा नाही. त्याच्यात अँटीक्लोरीन टाका, बाटलीवर लिहिलंय तेवढंच. नुसतं एक दिवस उघडं ठेवलं तरी साधा क्लोरीन उडून जातो पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असलं तर ते उडत नाही, म्हणून थेंब टाकलेले बरे. ड्रमवर जाळी बांधा नाहीतर डासांची पैदास सुरू होईल आणि फवारणीवाले आले की बोलणी खाल ते वेगळं.

बोअरचं पाणी असलं तर जरा बसून विचार करा. आपल्याकडं बोअर जड असतात, बादलीला पांढरा थर येतो तेव्हाच कळतं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरनं मोजा आणि पीएचची (पाणी आम्ल आहे का अल्कली) टेस्ट करून बघा. जड पाण्यात फायटर हळूहळू रुळतो पण कार्डिनल टेट्रासारख्या मऊ पाण्यातल्या माशांना ते सोसत नाही. उपाय सोपा, जारचं आरओ पाणी आणि बोअरचं पाणी अर्धं-अर्धं मिसळा. नुसतं आरओचं पाणी भरायचं नाही, त्यात क्षारच नसतात आणि पीएच कधी पण घसरतो.

आणि एक गोष्ट जी दुकानात कोणी सांगत नाही. पीएच जास्त असला की अमोनिया जास्त विषारी होतो. पीएच ७ चा ८ झाला तर अमोनियातला विषारी भाग साधारण दहापट वाढतो, आणि तापमान वाढलं की अजून वाढतो. म्हणजे पुण्यातल्या एखाद्याच्या टाकीत जेवढी घाण चालून जाते तेवढी सोलापूरच्या जड गरम पाण्यात चालत नाही. यूट्यूबवर बघून तेवढेच मासे भरू नका, आपण थोडे कमीच ठेवायचे.

देशी बदामाची पानं सगळ्यांना माहितीयत, शाळेच्या मैदानात लाल होऊन गळतात ती. वाळलेली, रस्त्याच्या धुळीतली नाही, औषध न मारलेल्या झाडाची आणा, धुवा, दोन फुटी टाकीत एक-दोन टाका. पाणी चहाच्या रंगाचं होतं, फायटरला आवडतं, श्रिंप त्याच्यावर चरतात, लपायला पण होतं. पण त्यानं पीएच खाली येईल ही आशा जड पाण्यात ठेवू नका, तेवढी ताकद पानात नाही.

कोण चालतं

माझी पहिली पसंती हार्लेक्विन रासबोरा. केशरी अंग, मागं काळा त्रिकोण. मधल्या थरात पोहतात, कोणाची शेपटी ओढत नाहीत, २८ डिग्रीपर्यंत आरामात राहतात, रंग आहे पण फायटरला चिडवेल असली झुलणारी शेपटी नाही. आठ घ्या. सहाच्या खाली कधी नाही, कमी असले की घाबरून कोपऱ्यात बसतात आणि घाबरलेला मासाच पहिला मार खातो.

एम्बर टेट्रा पण छान, दोन सेंटीमीटरचे लालसर ठिणगीसारखे, उष्णता बऱ्यापैकी सहन करतात. झाडं दाट हवीत. निऑन सगळीकडं मिळतो आणि स्वस्त म्हणून लोक तोच उचलतात, पण निऑनला थोडं थंड पाणी लागतं, २१ ते २५ चांगलं, आपल्याकडं मार्चपासूनच त्याचे हाल. त्याच्यासारखाच दिसणारा कार्डिनल, ज्याचा लाल पट्टा डोक्यापासून शेपटीपर्यंत पूर्ण असतो, तो गरम पाण्यातला आहे. थोडा महाग पडेल, पाणी मऊ करावं लागेल, पण सोलापुरात निऑनपेक्षा तोच घ्या.

तळाला कोरी म्हणजे कोरिडोरास. फायटर वर, कोरी खाली, दोघांचा संबंधच येत नाही. पण कोरीमध्ये पण थंड आणि गरम असा फरक आहे आणि दुकानात सगळे "कोरी" म्हणून एकच विकतात. पांडा आणि पेपर कोरी थंड पाण्याचे, नको. स्टर्बाय उष्णता सगळ्यात चांगली सोसतो, अंगावर पांढरे ठिपके आणि पुढचे पंख केशरी, इथं नाही मिळाला तर पुण्याहून येणाऱ्या कोणाला तरी सांगावं लागतं. ब्रॉन्झ कोरी मधला पर्याय. सहा तरी हवेत. कोरी मधूनच सुर्रकन वर जाऊन हवा गिळून येतो, त्याला आतड्यातून ऑक्सिजन घेता येतो, ते बघून घाबरू नका, पण एक-एक मिनिटाला सगळेच जायला लागले तर पाण्यात काहीतरी बिघडलंय.

कुहली लोच पण चालतो, सापासारखा, रात्री बाहेर येतो, दिवसा तो आहे का नाही तेच कळत नाही. ज्यांना बघायला मासे हवेत त्यांनी घेऊ नका.

पहिल्यांदा करत असाल तर दोन फुटीत फायटर आणि एकच ग्रुप, एक तर आठ रासबोरा नाहीतर सहा कोरी. चार-पाच महिने सगळं नीट चाललं, नायट्रेट काबूत राहिलं, तर दुसऱ्या ग्रुपचा विचार करा. दोन्ही एकदम नको.

गोगलगायींमध्ये नेराइट बेस्ट, शेवाळ खाते, गोड्या पाण्यात तिची पिल्लं वाढत नाहीत म्हणून टाकी भरून जात नाही आणि आपलं जड पाणी तिच्या शंखाला उलट चांगलं. मिस्ट्री स्नेलच्या लांब मिशा काही फायटर अळी समजून तोडतात. चेरी श्रिंप म्हणाल तर जड पाण्यात मस्त वाढतात, पण फायटर पिल्लं खाणारच, मोठे पण काही खाईल. जावा मॉसचा मोठा गुच्छ टाका आणि नुकसान धरून चला. महागडे रंगीत श्रिंप फायटरच्या टाकीत टाकणं म्हणजे त्याला पार्टी देणं.

कोण अजिबात नको

गप्पी. मला माहितीय गप्पी घराघरात आहेत, डासांसाठी महापालिकेकडून मिळतात, फुकट आहेत, आणि म्हणून सगळ्यात आधी तेच टाकले जातात. पण फॅन्सी गप्पीच्या नराची रंगीत मोठी शेपटी बघून फायटरला तो दुसरा फायटर वाटतो, मग पाठलाग सुरू. ते हौदातले साधे गप्पी असले तर रंगाचा प्रश्न नाही पण ते इतके चपळ आणि पिल्लं इतकी घालतात की दोन महिन्यांत टाकीत गर्दी होते. काही जणांकडं जमतं, मी सुचवणार नाही.

टायगर बार्ब आणि सर्पे टेट्रा हे शेपटी कुरतडणारे, हाफमूनची शेपटी दोन दिवसांत चिंध्या. गुरामी फायटरच्याच कुळातला, त्याला पण लॅबिरिंथ असतो, दोघांना वरचाच थर पाहिजे, भांडण ठरलेलं. एंजल मोठा होतो आणि हद्द धरतो. गोल्डफिश थंड पाण्याचा, घाण प्रचंड करतो आणि कितीही छोटा घेतला तरी मोठा होतोच, तरी आपल्याकडं दर तिसऱ्या टाकीत फायटर आणि गोल्डफिश सोबत दिसतात. मोली चिडखोर निघतो. फ्लॉवरहॉर्न आणि ऑस्करच्या टाकीत फायटर टाकायचा प्रश्नच येत नाही.

पी पफर नावाचा वाटाण्याएवढा गोंडस मासा मिळतो, आपल्या पश्चिम घाटातलाच, केरळकडचा. दिसायला इतका भोळा की लोक घेऊन येतात. तो पंख तोडतो, फायटरसोबत कधीच नाही.

आणि सकर. "टाकी साफ करतो" म्हणून दुकानदार दोन इंचाचा काळा सकर हातात देतो. तो फूटभराच्या वर वाढतो, साफ करण्यापेक्षा घाण जास्त करतो आणि भूक लागली की रात्री झोपलेल्या माशाच्या अंगावरचा चिकट थर खरवडतो. शेवाळ खाणारा हवाच असेल तर ब्रिसलनोज प्लेको बघा, पाच इंचाच्या आसपास थांबतो, पण त्याला पण दोन फुटी टाकी कमीच पडते. मोठा झालेला सकर कंबर तलावात किंवा हिप्परग्याला नेऊन सोडायचा नाही. भारतातल्या बऱ्याच तलावा-नद्यांत तो असाच पसरलाय आणि मासेमारी करणाऱ्यांची जाळी फाडतोय. दुकानात परत द्या.

दोन नर मध्ये काच टाकून ठेवतात काही जण. एकमेकांना दिसत असतील तर दिवसभर फुगून फुगून थकतात, अपारदर्शक पार्टिशन असेल तरच. पाच-सहा माद्या एकत्र ठेवायचा प्रकार पण नेटवर दिसतो, महिनाभर छान दिसतं आणि मग एक दिवस एक जण सगळ्यांना धरून मारते. नवीन माणसानं नादी लागू नये. नर आणि मादी कायमचे सोबत पण नाही, ब्रीडिंग झालं की नर मादीलाच हाकलतो.

टाकायचं कसं

क्रम महत्त्वाचा. जोडीदार आधी, फायटर शेवटी. फायटर आधीच टाकीत असेल तर ती टाकी त्याची झाली, नंतर आलेला प्रत्येक जण घुसखोर. तुमचा फायटर आधीपासून असेल तर त्याला दोन-तीन दिवस दुसऱ्या भांड्यात ठेवा, टाकीतले दगड, करवंट्या, झाडं सगळं हलवून जागा बदला, नवीन मासे सोडा, ते रुळले की मग ह्याला आणा. त्याला पण टाकी नवीन वाटते.

नवीन मासे आणल्यावर आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत. कंटाळा येतो मान्य, पण पांढऱ्या ठिपक्यांचा रोग दुकानातूनच येतो. पिशवी टाकीत पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवा, मग थोडं थोडं टाकीतलं पाणी पिशवीत घाला, शेवटी मासा जाळीनं काढून सोडा. दुकानाचं पाणी टाकीत ओतायचं नाही.

फायटरला सोडायच्या आधी एक दिवस पारदर्शक ब्रीडिंग बॉक्समध्ये टाकीतच ठेवा. तो बघेल, फुगेल, चिडेल. दुसऱ्या दिवशी बघा, फुगणं कमी झालं, खायला लागला, तर संध्याकाळी लाईट बंद करून सोडा. रविवारी सोडलेलं बरं, दिवसभर लक्ष ठेवता येतं.

पहिल्या दिवशी कल्ले फुगवणं, दोन-चार वेळा अंगावर धावून जाणं, हे होणारच, तो हद्द दाखवतो. धावतो आणि सोडून देतो तोपर्यंत ठीक. एकाच माशाच्या मागं सारखा लागला, कोणाचे पंख फाटलेले दिसले, बाकीचे सगळे एका कोपऱ्यात वर किंवा फिल्टरच्या मागं दडून खायला पण येईनात, तर त्याच दिवशी वेगळं करायचं, उद्या बघू म्हणायचं नाही. उलटं पण बघा, फायटरच पंख मिटून पानाआड बसला, रंग फिका, अंगावर आडव्या रेघा, तर त्रास त्याला होतोय. म्हणून दुसरं एक दहा-वीस लिटरचं भांडं आणि जास्तीचा स्पंज कायम तयार पाहिजे. तो जास्तीचा स्पंज मोठ्या टाकीतच चालू ठेवा म्हणजे ऐन वेळी मुरलेला मिळतो. पहिले दोन आठवडे सगळ्यात नाजूक, पण वर्षभरानं सुद्धा फायटरचा मूड फिरू शकतो.

खाणं

फायटर मांसाहारी, किडे-अळ्या खाणारा. त्याला चांगले बेट्टा पेलेट, सकाळी दोन-तीन, संध्याकाळी दोन-तीन, बस. बाकीच्यांचं बारीक खाणं त्याच वेळी टाकीच्या दुसऱ्या टोकाला टाका म्हणजे हाणामारी होत नाही. कोरीच्या बुडणाऱ्या गोळ्या रात्री लाईट बंद केल्यावर, नाहीतर हा पठ्ठ्या खाली जाऊन त्या पण खातो आणि पोट फुगवून बसतो. पोट फुगलं तर दोन दिवस उपाशी ठेवा. पोळीचा चुरा, भात, मुरमुरे टाकायचे नाहीत, आजी-आजोबांना प्रेमानं समजावा.

उन्हाळा

मार्चच्या शेवटाला तयारी. पारा ४२-४३ ला गेला की टाकीचं पाणी ३२-३३ सहज होतं. टार्गेट २८ च्या आत, तीस झालं की सावध.

सगळ्यात स्वस्त आणि चांगला उपाय छोटा पंखा, यूएसबीवाला चालेल, पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारायचा. बाष्पीभवनानं पाणी दोन ते चार डिग्री खाली येतं, आणि इथं आपला कोरडा उन्हाळा कामाला येतो, मुंबईच्या दमट हवेत ही ट्रिक एवढी चालत नाही. रोज पाणी कमी होईल, ते भरताना जारचं आरओ पाणी घाला. बोअरचं घालू नका, कारण उडतं ते फक्त पाणी, क्षार खालीच राहतात, आणि रोज जड पाणी घालत गेलात तर मेअखेर टाकीचं टीडीएस कुठल्या कुठं गेलेलं असतं.

हवेची मोटर दुपारी बंद करायची नाही, उलट अजून एक एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावा. लाईट जाते म्हणून बॅटरीवर चालणारी हवेची मोटर घेऊन ठेवा, फार महाग नसते. टाकीचा लाईट सकाळी आणि रात्री लावा, दुपारी बंद. बर्फाचे तुकडे थेट टाकू नका. अगदीच अडचण असली तर अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली गोठवून तरंगत ठेवा आणि थर्मामीटरवर डोळा ठेवा, तासाभरात दोन डिग्रीपेक्षा जास्त उतरायला नको. पाणी बदलायचं ते सकाळी लवकर, कारण गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हात पोळेल इतकं असतं आणि ते तसंच ओतणारे लोक आहेत. दर आठवड्याला २०-२५ टक्के पुरे. एप्रिल-मेमध्ये नवीन मासे आणू नका, प्रवासातच अर्धे थकतात.

हिवाळ्याचं थोडक्यात. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत रात्री गारठा पडतो, पाणी २४ च्या खाली गेलं की फायटर मंदावतो, ५० वॉटचा थर्मोस्टॅटवाला हीटर दोन फुटीला पुरतो, २६ ला लावून ठेवा.

औषधाचं जपून. तांबं असलेलं औषध श्रिंप आणि गोगलगाय मारतं. निळं औषध, मिथिलीन ब्ल्यू, टाकीतले चांगले बॅक्टेरिया पण मारतं. कोरी आणि लोचला मीठ जास्त सोसत नाही. म्हणून आजारी मासा दुसऱ्या भांड्यात काढून तिथंच औषध. पांढरे ठिपके असतील तर मात्र त्या रोगाचे जंतू टाकीत पण असतात, मग सगळ्याच टाकीला उपचार करावे लागतात, त्यावेळी गोगलगायी आणि श्रिंप बाहेर काढा आणि लोच-कोरी असतील तर अर्ध्या डोसपासून सुरुवात.

पंढरपूर-अक्कलकोटला किंवा लग्नाला तीन-चार दिवस जायचं असेल तर शेजाऱ्यांना खाणं टाकायला सांगू नका, ते मूठभर टाकतात. निरोगी मोठे मासे तेवढे दिवस उपाशी आरामात राहतात. जायच्या आदल्या दिवशी थोडं पाणी बदला, पाण्याची पातळी भरून घ्या, पंखा आणि मोटर इन्व्हर्टरच्या लाईनवर लावा, आणि शेजाऱ्यांना एवढंच सांगा की दिवसातून एकदा येऊन मोटर चालू आहे का बघून जा.